पूर ओसरल्यावर देऊळ काय करतं

पूर आला की देवळात गाभाऱ्याच्या आधी कोठीघर उघडावं लागतं. गाभाऱ्याला भटजी लागतात, सोवळं लागतं. कोठीघराला फक्त किल्ली लागते, आणि ती ज्याच्या कमरेला असते तो गृहस्थ नेमका त्या दिवशी मुलीकडे मडगावला गेलेला असतो. २०२१ सालच्या २३ जुलैला गोव्यातल्या आमच्या गावात तेच झालं. शेवटी कुलूप फोडलं. पुढच्या बैठकीत त्या कुलपाचे पैसे कुठल्या खात्यात टाकायचे यावर बराच वेळ खल झाला आणि तो सगळा मीच इतिवृत्तात उतरवला. गावच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो आणि देवस्थानच्या समितीत हिशेब लिहितो. त्यामुळे दानधर्म, सेवा वगैरे माझ्यापर्यंत येतात त्या बहुतेक पावतीच्या रूपात.

तो दिवस नदीकाठच्या लोकांना सांगायला नको. आषाढी एकादशी होऊन तीन दिवस झालेले. घाटात रात्रभर पाऊस कोसळत होता आणि म्हादई, रगाडो, वाळवंटी एकदमच चढल्या. सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा, सगळीकडे पाणी. गुळेलीजवळचा पैकुळचा पूल गेला. दूधसागर आणि सोनावलीच्या मध्ये दरड येऊन मुंबईकडे निघालेली गाडी रुळांवरून घसरली. १९८२ नंतरचा सगळ्यांत मोठा पूर, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत म्हणाले. राज्यभरात हजाराच्या आसपास घरांचं नुकसान झाल्याचा अंदाज आला. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी तौक्ते वादळाने झाडं आणि विजेचे खांब आडवे केले होते, करोनाचे निर्बंधही उठलेले नव्हते. लोकांना एकत्र जमू नका म्हणून सांगायचं आणि सगळ्यांना एकाच मंडपात झोपवायचं, अशी ती वेळ.

कोठीघरात काय नव्हतं! शंभर माणसांचा भात शिजेल असे टोप, तांब्याचे हंडे, कायली, वाढपाच्या बादल्या, सतरंज्या, ताडपत्र्या, गॅसच्या मोठ्या शेगड्या, शिवाय एक पेट्रोमॅक्स, जी कोणी पेटवतही नाही आणि टाकूनही देत नाही. टोपांच्या काठांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं कोरलेली असतात: अमक्याच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ, तमक्याच्या मुंजीनिमित्त. त्या सकाळी ज्या टोपात पेज शिजली, त्याच्यावर ज्या घराण्याचं नाव आहे त्या घराण्याशी आमच्या घराचा एका माडाच्या बांधावरून तीन पिढ्यांचा वाद आहे. पेज उत्तम झाली होती.

शेगड्या कुठे मांडायच्या यावरून मात्र कुरकुर झालीच. देवळाचं स्वयंपाकघर नैवेद्याचं. तिथे कोणीही उठून आत जायचं नाही, ही रीत. पावसात भिजलेली, कोणकोणत्या वाड्यावरची माणसं आत घेणार का? एक वयस्क काका अडून बसले. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा पोरांनी शेगड्या अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेच्या, पडवीत नेल्या आणि प्रश्न तिथेच संपला. संपला म्हणजे पुढे ढकलला. पण भुकेच्या वेळी पुढे ढकलणं हाही एक मार्ग असतो. दुपारपर्यंत तेच काका पडवीत बसून लसूण सोलत होते. बाजारातल्या मशिदीकडची पोरं पाण्याचा पंप घेऊन आली. पाव कोणी पाठवले ते मला अजून कळलेलं नाही, बिल आलं नाही एवढं खरं.

पहिले दोन-तीन दिवस सगळीकडे असंच असतं, आणि त्या दिवसांबद्दल लिहिणं सोपं. माणुसकी, एकोपा, फोटो. मदतीच्या गाड्या येतात. पाण्याच्या बाटल्यांवर कोणाचे तरी हसरे चेहरे चिकटवलेले असतात. जुन्या कपड्यांची गाठोडी येतात आणि त्यांत लग्नातले सूट निघतात. शाळेच्या वर्गात ती गाठोडी दिवाळीपर्यंत पडून होती. मला ज्याबद्दल लिहायचं आहे ते चौथ्या दिवसापासून सुरू होतं. तेव्हा गाड्या दुसऱ्या गावाला गेलेल्या असतात, पेज बंद झालेली असते आणि ऊन पडतं.

ऊन पडलं की भिंती बसतात. हे शहरातल्या माणसाला पटत नाही. मातीची भिंत पाणी प्यायली की फुगते, पण पाणी दोन्ही बाजूंना असतं तोवर ती कशीबशी उभी राहते. पाणी ओसरलं, वरचं कौलांचं ओझं तसंच राहिलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती पायाशी मऊ पडून खाली येते. पुराच्या रात्री शाबूत राहिलेलं घर तीन दिवसांनी भर दुपारी पडतं. आमच्या वरच्या वाड्यावर एक आजी देवाची आभार मानायची ओटी भरून घरी गेल्या आणि संध्याकाळी मागची खोली बसली. त्या पडवीत होत्या म्हणून वाचल्या.

तलाठी येतो, पंचनामा होतो. तलाठ्याला मी दोष देत नाही, त्याच्यापुढे कागद असतो आणि कागदाला रकाने असतात. घर क्रमांक कोणाच्या नावावर? जमीन भाटकाराची म्हणजे जमीनमालकाची, घर त्याच्या जागेत राहणाऱ्या मुंडकाराचं. मुंडकार कायदा १९७५ चा, पण किती घरांच्या नोंदी पुऱ्या झाल्यात ते मामलेदार कचेरीच्या बाकावर बसणाऱ्यांना विचारा. आजोबांच्या नावावर घर, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, मुलगे तिघे, एक मुंबईला, एक बोलत नाही. भरपाईचा अर्ज तिथे अडतो. तो अडणं कायद्याने बरोबरच असतं, पण छप्पर उघडं असतं.

अशा वेळी देवळाला एक गोष्ट ठाऊक असते जी कचेरीला नसते. कोण कोणाचा, हे देवळाला ठाऊक असतं. भांडी न्यायची वही माझ्याकडे असते. कोणाच्या घरी शेवटचं कार्य कधी झालं, कोणी दोन टोपांच्या जागी एकच नेला, कोण हल्ली नेतच नाही, हे त्या वहीत दिसतं. पालखी कोणाच्या दारात थांबते आणि त्या दारातून ओटी यायची कधी बंद झाली, हे पालखीबरोबर फिरणाऱ्याला दिसतं. घर कोणाच्या नावावर आहे याच्याशी पालखीला देणंघेणं नसतं. आरती घेऊन पुढे येते ती व्यक्ती तिथे राहते, एवढं पुरतं.

त्या वर्षी चवथ १० सप्टेंबरला होती. पुरानंतर सात आठवडे. काय हवं, असं घरोघरी विचारत फिरलो तेव्हा तांदूळ कोणी मागितले नाहीत. तांदूळ खूप झाले होते. एका घरातल्या काकींनी मला हाताला धरून आत नेलं. मधल्या खोलीची पूर्वेकडची भिंत पडलेली, तिथे निळी ताडपत्री बांधलेली, ताडपत्रीच्या खाली गाळाची पातळी दाखवणारी करडी रेघ उरलेल्या भिंतीवर कमरेपर्यंत. वर माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायची, लाकडी चौकट मात्र जशीच्या तशी, गेल्या वर्षीच्या सुतळ्या अजून लोंबताहेत. त्या म्हणाल्या, "बाकी सगळं राहूं दे. एवढी भिंत करून दे. गणपती उघड्यावर बसवायचा काय?"

सरकारच्या यादीत असा रकाना नसतो आणि नसावाच. पडकं घर, अंशतः पडकं घर, जनावर, भांडी, शेत, असं ते मोजतं. पण चवथीचा गणपती आमच्याकडे घराण्याच्या मूळ घरात बसतो, मुंबई-पुण्याहून सगळे तिथे येतात, आणि ज्या घरात तो बसला नाही ते घर मोडलं असं लोक समजतात. ती भिंत उभी करणं म्हणजे घर पुन्हा वस्तीला लागल्याची नोंद करणं. भजनी मंडळातले एकजण गवंडी, एकाचा चिऱ्यांचा टेम्पो. सिमेंट देवस्थानच्या एका महाजनाने दिलं. रविवारी कामाला जायचं, दुपारी त्या घरचं जेवण. ते जेवण घ्यायचंच, असं आमच्यातल्या म्हाताऱ्यांनी बजावून ठेवलं होतं. देणाऱ्याचं तोंड वर आणि घेणाऱ्याचं खाली, हे गावात चालत नाही. उद्या आपणही त्यांच्या दारात उभे असतो.

असं सगळं सांगितलं की देऊळ फार थोर वाटायला लागतं, म्हणून दुसरी बाजू. ही कामं भजनी मंडळाने केली. देवस्थानने, देवस्थान म्हणून, फार कमी केली. हा फरक बाहेरच्याला कळत नाही.

गोव्यातली देवस्थानं पोर्तुगीजांच्या वेळच्या कायद्यावर चालतात. आधी १८८६ चा, मग १९३३ चा महाजनीचा कायदा. देवस्थानचे मालक म्हणजे महाजन, आणि त्यांच्यावर प्रशासक म्हणून तालुक्याचा मामलेदार. वार्षिक अंदाजपत्रक करायचं आणि मंजुरीला पाठवायचं. त्यात पूजा, नंदादीप, जत्रा, पालखी, भटजी, वाजंत्री, दुरुस्ती अशी खाती. हे चांगल्यासाठीच होतं; नाहीतर देवाचे पैसे कोणी कधीच खाल्ले असते, आणि खाल्लेले आहेतही. पण जुलैत नदी चढेल हे मार्चमध्ये अंदाजपत्रकात कसं लिहिणार? शिवाय महाजन म्हणजे गाव नव्हे. मोठ्या देवस्थानांचे महाजन मुंबईत, बेळगावात, कारवारात पसरलेले. सोळाव्या शतकात देव साष्टी-तिसवाडीतून उचलून नदीपार अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या बाजूला, आणावे लागले, मंगेश कुठ्ठाळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळोशीहून. तेव्हापासून देऊळ एका गावात आणि त्याचे धनी दुसऱ्याच ठिकाणी, अशी स्थिती आहे. देवळाच्या भोवती राहणाऱ्यांपैकी बरेचजण त्या देवळाचे महाजन नसतात. तिजोरी एकाची, शेजार दुसऱ्याचा. पूर शेजाराला येतो.

चर्चची घडी वेगळी आहे, आणि मला ती या कामापुरती जास्त बरी वाटते, हे लिहिताना गावात कोण काय म्हणेल ते मला माहीत आहे. चर्च असतं त्याच गावातल्या, त्याच वाड्यावरच्या लोकांचं. पाद्रीला वाड्यावार घरं माहीत असतात. कित्येक चर्चना जोडून सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीची मंडळी असतात. ही सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसला सुरू झाली. त्यांची पद्धत साधी: गरजवंताच्या घरी स्वतः जायचं, आणि जात राहायचं. एकदा तांदूळ दिले आणि फोटो काढला असं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. वर महाधर्मप्रांताची कारितास ही मदतसंस्था आहे, तिच्याकडे पगारी माणसं आहेत, हिशेबाची शिस्त आहे, बाहेरून मदत आणण्याची वाट आहे. माझा एक जुना सहशिक्षक साष्टीतला, त्याच्या वाड्यावरच्या मंडळींची वही मी पाहिली आहे. कोणाच्या घरी मधुमेहाचं औषध संपत आलंय तेही त्यात होतं. आमच्या वहीत फक्त टोप.

त्या घडीलाही कुंपण असतंच. जुन्या गोव्यात सोळाव्या शतकात सांता काझा द मिझेरिकॉर्दिया आली, लिस्बनला १४९८ मध्ये सुरू झालेल्या संस्थेची इथली बहीण. आजाऱ्यांना इस्पितळ, अनाथ मुलींना आसरा, कैद्यांना अन्न, बेवारशांना मूठमाती. मोठं काम. पण ते प्रामुख्याने पोर्तुगीजांसाठी आणि ख्रिस्ती लोकांसाठी. आणि इतकी दया असूनही ते शहर साथींनी ओस पडलं, १८४३ मध्ये राजधानी पणजीला गेली. मला त्यात आमच्या पुराच्या विहिरी दिसतात. पेज वाटायला आमच्याकडे पन्नास हात होते; गाळाने भरलेल्या विहिरी उपसून त्यांत ब्लिचिंग पावडर टाकायला तीन पोरं आणि मशिदीकडचा तो पंप. पुण्य वाढण्यात दिसतं, उपसण्यात दिसत नाही.

याच्याही आधी गावकरी होती, म्हणजे गावच्या जमिनीची सामाईक व्यवस्था. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या, शेतांच्या बाजूला राहणाऱ्यांना हे जास्त ठाऊक. खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध फुटला की अख्ख्या गावाचं भात जायचं, म्हणून गावकरीच्या उत्पन्नातून बांध आणि मानस, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, सांभाळायचे, त्याच उत्पन्नातून गावचा देव आणि पुढे चर्च, आणि मग उरेल ते जोण म्हणून गावकारांत वाटायचं. देव आणि बांध एकाच पेटीतून चालायचे. मग १९६४ च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याच्या हाती गेली, आणि जायलाच हवी होती; बांधाचं काम कुळांच्या संघटनांकडे आलं, देवाची पेटी वेगळी राहिली. बांधाला भगदाड पडलं की आज कोणी देवळाच्या पायरीवर येत नाही. त्याने देवळाचं काम हलकं झालं आणि वजनही.

साथीच्या वेळी मात्र लोक अजून तिकडेच वळतात. वास्कोचा दामोदर सप्ताह त्यातलाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथे साथ आली, लोक जांबावलीच्या दामोदराला शरण गेले, तिथून प्रसादाचा नारळ आणला आणि त्यापुढे अहोरात्र भजन धरलं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी अजून ते सुरू होतं, वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे मिरवणुका, रात्री भजनं गात येतात. भजनाने साथ गेली का, हा प्रश्न मला कधी पडत नाही. पण जे गाव रात्रभर आळीपाळीने टाळ धरू शकतं, कोण कधी येणार, कोण झोपणार, चहा कोणी करायचा हे न भांडता ठरवू शकतं, त्या गावाला पुराच्या रात्री पाळ्या लावायला वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्या मंडपात पाळ्या लागल्या त्या भजनाच्याच क्रमाने. तबलजी दोन ते चार.

आता जे सांगायचं टाळत आलो ते. पुराच्या पहिल्या रात्री मंडपात आलेल्या सगळ्यांना मी ओळखत होतो. तेव्हा ते बरं वाटलं होतं. नंतर लक्षात आलं की नदीच्या वळणावरच्या भाड्याच्या खोल्यांतलं एकही माणूस तिथे नव्हतं. पत्र्याच्या त्या रांगेत ओडिशा, झारखंड, विजापूरकडचे कामगार राहतात, जवळच्या औद्योगिक वसाहतीत जातात. खोल्यांत पाणी छातीपर्यंत होतं. ती माणसं रात्रभर रस्त्याकडेला एका बंद दुकानाच्या छपराखाली उभी होती, देवळापासून हाकेच्या अंतरावर, मंडपातले दिवे दिसत असताना. त्यांना कोणी अडवलं नव्हतं. त्यांना कोणी बोलावलंही नव्हतं, आणि न बोलावता देवळात शिरायचं नसतं हे ते आपापल्या गावाहून शिकून आले असणार.

पंचनाम्यातही ते नाहीत, कारण खोली मालकाची. आमच्या वहीत नाहीत, कारण त्यांनी कधी टोप नेला नाही. महाजन तर नाहीतच. दुसऱ्या दिवशी दुपारी आमची पोरं बादल्या घेऊन तिकडे गेली, त्यांनी घेतलं, दोघांनी भांडी घासायला येऊ का विचारलं. पण ती रात्र गेली ती गेलीच. गुरुद्वाराच्या लंगरात तू कोण हे विचारायचं नसतं, पंगतीला बसलास की झालं, आणि ही रीत पूर येण्याच्या आधीपासून रोज चालू असते. आम्ही ती पुराच्या दिवशी एकदम सुरू करायला बघतो. वर्षभर ज्याला पायरीखाली उभं केलं, तो आपत्तीच्या रात्री आपण होऊन पायरी चढेल, ही अपेक्षा कशी?

गेल्या उन्हाळ्यात मी समितीपुढे दोन गोष्टी ठेवल्या. पावसाच्या आधी नदीकाठच्या सगळ्या घरांची आणि खोल्यांची यादी करायची, नावावर कोण आहे ते न बघता, राहतं कोण तेवढंच लिहायचं; एकटी म्हातारी माणसं वेगळी खुणेने. आणि अंदाजपत्रकात आपत्तीसाठी एक खातं. यादीला कोणी हरकत घेतली नाही, ती फुकट होती. भजनी मंडळाच्या दोन मुली घरोघर फिरल्या. खोल्यांमधली माणसं आधी बिचकली, त्यांना वाटलं भाडेकरूंची पोलीस तपासणी आहे. मग एकीने प्रसादाच्या पुड्या बरोबर न्यायला सुरुवात केली.

खात्यावर मात्र घमासान झालं. एक म्हणाले, हे पंचायतीचं काम. दुसरे म्हणाले, आज पूर म्हणाल, उद्या कोणाचं आजारपण, देवाला राहील काय? त्यांचं अगदी चुकीचं नाही. देवस्थानची गंगाजळी म्हणजे कोणा एकाची नव्हे, आणि दानपेटीत पैसे टाकणाऱ्याने ते दिव्याच्या तेलासाठी टाकले की माझ्या यादीसाठी, हे मी कसं ठरवणार? तरी शेवटी बहुमताने ठराव झाला आणि अंदाजपत्रकात नवं खातं घालून ते वर पाठवलं. ते शेऱ्यासह परत आलं. असं खातं नमुन्यात नाही, कोणत्या कलमाखाली ते स्पष्ट करावं.

तेव्हा खजिनदारांनी, जे एरवी पाच रुपयांच्या उदबत्तीची पावती मागतात, पेन काढलं, ती ओळ खोडली आणि तेवढीच रक्कम 'किरकोळ' मध्ये मिळवली. तसं ते मंजूर होऊन आलं. त्यातून दोन ताडपत्र्या, पंपाचा पाइप आणि कोठीघरासाठी जास्तीच्या दोन किल्ल्या घेतल्या आहेत. एक किल्ली नदीकाठच्या त्या खोल्यांत राहणाऱ्या एका मुकादमाकडे द्यावी, असं मी सुचवलंय. त्यावर बैठक अजून व्हायची आहे.